फाटकाबाहेर चालत गेलेलं अक्षर

आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांइतका धक्के देणारा मनुष्य त्र्यंबकपासून निफाडपर्यंत दुसरा झाला नसेल. मी त्या शाळेत ग्रंथपाल. लायब्ररी आणि चित्रकलेचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत, आणि एकोणीस वर्षं त्या भिंतीच्या अलीकडे बसून मी जे पाहिलं आणि ऐकलं त्याला मी कधीच सरावले नाही. मुळात मी कमी बोलणारी, पुस्तकात तोंड घालून बसणारी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात घरी जाताना पाहिलं, तर हा माणूस मिठाईच्या एका दुकानावर शिडी लावून चढलेला, तोंडात ब्रश, आणि खाली मालक दोन्ही हातांनी शिडी धरून उभा. दुकानाच्या पाटीवरचं एक अक्षर सरांना वाकडं वाटलं होतं. ते म्हणे सहा महिने रोज मोपेडवरून जाताना ते बघत होते, आणि त्या दिवशी त्यांना ते सहन झालं नाही. "सर, गिऱ्हाईकं खोळंबलीत," मालक खालून म्हणाला. वरून उत्तर आलं, "त्यांना सांगा, तोवर बाकीची अक्षरं बघा." मी मान खाली घालून निघून गेले. आणि ते तर फारच किरकोळ प्रकरण होतं.

शाळेच्या फाटकाच्या आत एक मोठा फळा होता. त्याच्यावर रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी सर रंगीत खडूंनी सूचना लिहीत. बावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. फी भरण्याची शेवटची तारीख लिहायची असली तरी भोवती झेंडूचं तोरण, आणि अक्षर असं की छापील पुस्तकाने लाजावं. बुशशर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू, त्यामुळे छातीवर कायम एक गुलाबी नाहीतर पिवळा ढग. माझ्या अक्षराविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. पुस्तकांच्या पाठीवर मी चिकटवलेल्या चिठ्ठ्या ते एकेक करून वाचत आणि शेवटी उसासा टाकून म्हणत, "बाई, सगळं ठीक आहे, पण तुमचा 'ळ' उपाशी दिसतो." वर्गातल्या मुलांनाही ते हेच ऐकवत. मी 'ळ' पुन्हा काढून दाखवी. "हं. अजून उपासच चाललाय."

या फळ्यावर त्यांचा केवढा जीव, हे मला माहीत होतं. म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला एके दिवशी ते लायब्ररीत येऊन जे बोलले त्याने मी हादरले. त्यांच्या वर्गात मखमलाबादकडची एक मुलगी होती. आईबाप भाजी पिकवून नाशकात विकणारे. तिचा हात असा की सर तिच्या वहीला वही म्हणत नसत, 'ऐवज' म्हणत. त्या वर्षी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे फॉर्म आले. सरांनी फळ्यावर तारीख लिहिली, भोवती मोरपिसं काढली. नेमकी ती मुलगी आठवडाभर शाळेत नव्हती. घरी मेथीची काढणी चालली होती. आईबाप भाजी घेऊन पहाटे बाजारात जायचे, शाळेच्या फाटकाशी ते कधी आलेच नव्हते. मुलगी परत आली तेव्हा तारीख उलटून गेली होती. सरांनी धावाधाव केली, पण फॉर्म गेले ते गेले. पुढच्या वर्षी तिचं शिक्षणच थांबलं, आणि नंतर लग्न होऊन ती कुठेशी गेली. "बाई," सर म्हणाले, "माझं अक्षर एवढं सुंदर, पण फाटकाबाहेर एक पाऊल चालत गेलं नाही." एवढं बोलून ते टेबलावरचा खडू उचलून गेले. माझ्याकडचा खडू ते पहिल्यांदाच न विचारता नेत होते.

म्हणून दहा-बारा वर्षांनी शाळेची वेबसाईट निघाली, तेव्हा सगळ्या शाळेत ती काय असते हे न कळूनही ज्याला आनंद झाला असा एकच माणूस होता. एका माजी विद्यार्थ्याने ती फुकट बनवून दिली होती. संस्थेच्या अध्यक्षांनी नारळ फोडला आणि कॉम्प्युटर लायब्ररीत ठेवला, कारण कुलूप असलेली खोली ती एकच. अध्यक्षांच्या मते वेबसाईट ही शाळेच्या इभ्रतीसाठी असते, बघण्यासाठी नसते. सरांनी मात्र मला एकच विचारलं, "म्हणजे तारीख लिहिली की ती घरी जाऊन पोचते?" मी म्हटलं, घरच्यांनी उघडली तर. "मग उघडायला लावू," ते म्हणाले.

पहिली अडचण अक्षराचीच आली. आम्ही मराठीत टाईप केलेल्या सूचना बाहेर कुठे उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. एका सायबर कॅफेत ते चौकोन पाहून सर खुर्चीतून उठून उभे राहिले. माणूस गेल्याची बातमी ऐकून उठावं तसे. दुसऱ्या दिवसापासून ते कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने सूचना लिहू लागले. तो कागद मी स्कॅन करायचा आणि चित्र म्हणून वेबसाईटवर चढवायचा. महाराष्ट्रातल्या इतर शाळांच्या वेबसाईटवर काय असे मला ठाऊक नाही, पण आमची सगळी वेबसाईट हाताने लिहिलेली होती, तोरणासकट. सगळ्यांत वर, वर्षाचे बारा महिने, एकच ओळ लाल रंगात: ग्रेड परीक्षेच्या फॉर्मची तारीख. फॉर्म निघायला आठ महिने अवकाश असला तरी 'अजून जाहीर नाही, लक्ष ठेवा' असं लिहिलेलं. त्याखाली 'पालकांसाठी: अभिप्राय लिहा' अशी एक चौकट, कायम रिकामी. आणि सगळ्यांत खाली काळ्या पट्टीवर हिरवे आकडे: 'आपण अमुक वे पाहुणे.' तो आकडा सर रोज सकाळी बघत. स्वतः उघडल्याचा एक ते वजा करत. "आपण घरचे. घरच्यांना पाहुण्यांत धरत नाहीत."

मग जी मोहीम निघाली तिची मला अजूनही लाज वाटते. भेटेल त्या पालकाला नमस्कार न करता सर विचारत, "आज उघडली का?" एका लग्नात ते आहेराच्या रांगेत माझ्या पुढे होते. स्टेजवर गेले, नवरा-नवरीकडे बघितलंही नाही, आणि नवरीच्या वडिलांचा हात धरून म्हणाले, "साहेब, धाकटा आठवी ब मध्ये. घटक चाचणीचं वेळापत्रक आलंय. उघडली का?" मागे आहेर देणाऱ्यांची रांग पार आचाऱ्यापर्यंत गेली होती. फोटोग्राफरने तो फोटोही काढला; अल्बममध्ये तो आहे आणि त्यात मी तोंडावर पदर घेतलेली दिसते. गोदाकाठी, गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात ते भाजीवाल्या पालकांना वेबसाईट समजावून सांगत. "त्र्यंबकला तुमच्या उपाध्यायांकडे घराण्याची वही असते ना, पणजोबांच्या सहीची? तशीच ही. फक्त त्र्यंबकला जायला लागत नाही." त्यावर एक आजी म्हणाल्या, "मंग दक्षिणा कुठं ठिवायची?" सर म्हणाले, "दक्षिणा नाही. नुसतं बघायचं." आजींना त्यात काहीतरी खोट दिसली असावी, त्यांनी मान हलवली आणि कोथिंबिरीवर पाणी मारलं.

कहर झाला तो मेथीचा. एका संध्याकाळी मी घरी मेथी निवडायला बसले आणि जुडीतून कागदाची चिठ्ठी निघाली. तिच्यावर शाळेच्या वेबसाईटचा पत्ता, खाली 'रोज बघा', आणि भोवती बारीक पानांची वेल. मी हातातली मेथी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर सर शांतपणे म्हणाले, "चार पालक जुड्या बांधतात. त्यांना प्रत्येकी शंभर दिल्यात." चारशे चिठ्ठ्या त्यांनी हाताने लिहिल्या होत्या. मी म्हटलं, "सर, ज्यांची मुलं आपल्या शाळेत नाहीत त्यांच्या घरी पण जाणार त्या." ते म्हणाले, "जाऊ द्या की. मेथी काय बघून जाते का?"

तरी आकडा हलेना. तेव्हा सरांना वाटलं, लोकांना वेबसाईट दिसते कशी हेच माहीत नाही, तर आधी ती दाखवली पाहिजे. त्यांनी फाटकाजवळच्या फळ्यावर वर मोठ्या अक्षरांत 'आपल्या शाळेची वेबसाईट' असं लिहिलं आणि पडद्यावरचं पान जसंच्या तसं उतरवलं: निळी चौकट, लाल ओळ, कोपऱ्यात बाण, अगदी 'इथे क्लिक करा'सुद्धा. मुलांना सोडायला आलेले पालक थांबून वाचू लागले. तिसऱ्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एक फूलवाले आजोबा फळ्यापाशी आले, 'सहलीची माहिती, इथे क्लिक करा' हे त्यांनी अक्षर लावून वाचलं, त्या जागेवर बोट ठेवलं आणि वाट बघत उभे राहिले. सर मागेच होते. ते पुढे झाले, डस्टरने अर्धा फळा पुसला आणि भराभरा सहलीची माहिती लिहून काढली. आजोबांनी वाचली, "झ्याक हाय," म्हणाले आणि गेले. त्यानंतर महिनाभर सर मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना फळ्याशेजारी स्टूल टाकून बसत. कोणी बोट लावलं की पुसून पुढचं पान लिहीत. मी त्यांना म्हणाले, "सर, हे बरोबर नाही." ते म्हणाले, "लोक बघतायत ना, बाई?" लोक बघत होते हे खरं होतं.

जूनच्या पालकसभेत अध्यक्षांनी सहज विचारलं, "वेबसाईट किती जण नियमित बघतात?" सगळ्या सभागृहाने हात वर केले. एकूणएक. अध्यक्ष खूष झाले आणि त्यांनी मला वेबसाईटचा आकडा सांगायला सांगितलं. मी जागच्या जागी उठले. आकडा होता एकसष्ट, आणि त्यातले पंचेचाळीस तरी सरांचे आणि माझेच असणार. मी हळू आवाजात एकसष्ट म्हणाले. मग एक बाई उठल्या. "आसं कसं? आम्ही रोज बघतो. फाटकापाशी. मालेगावच्या माझ्या भावाला पण सांगितलं, आमच्या शाळेची वेबसाईट लय मोठी हाय, भिंतीएवढी." लोक हसले नाहीत, त्यांना ते बरोबरच वाटलं. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा त्या सायबर कॅफेतल्यासारखा झाला होता. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही परत फळाच लावलात की. पुढच्या जूनपर्यंत बघू. कोणी बघत नसेल तर बंद करून टाकू. फळा आहेच आपला."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून आत शिरले आणि माझे पाय थबकले. फळा कोरा होता. पाण्याने धुतलेला, काळा कुळकुळीत. मधोमध फक्त वेबसाईटचा पत्ता, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आदल्या दिवसाचा आकडा. ना तोरण, ना मोरपीस. माझ्या सगळ्या नोकरीत मी तो फळा असा कधी पाहिला नव्हता. पालक थांबून थांबून विचारत, "सर, वेबसाईट बंद पडली का?" सर सांगत, "नाही. घरी आलीय. घरी बघा." मुलांचे वाढदिवस, बक्षिसं, पावसाची सुट्टी, सगळं ते आता फक्त कागदावर लिहीत आणि मला आणून देत. मेथीच्या जुड्यांसाठी नव्या चिठ्ठ्याही त्यांनी लिहायला घेतल्या. एकदा अध्यक्षांनीच म्हटलं, थोडंसं फळ्यावरही लिहा. सर म्हणाले, "फळ्यावर लिहिलं की ते फाटकाशीच थांबतं." त्या कोऱ्या फळ्यावरून रोज जाणं मला जमेना. मी आयुष्यात खोटं असं कधी केलेलं नाही, पण त्या आठवड्यापासून रोज दुपारी घरी जाताना, रविवारी मुद्दाम बाहेर पडून, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायबर कॅफेत शिरायचं, वेबसाईट एकदा उघडायची आणि निघायचं, असं मी सुरू केलं. दुसऱ्या सकाळी सर हिरव्या आकड्यातून आपला एक वजा करत आणि म्हणत, "बाई, काल एक पालक येऊन गेला." मी कपाटाकडे तोंड करून पुस्तकं लावत बसे.

दिवाळीनंतर एके सकाळी ते म्हणाले, "काल दोन आले." मी एकदाच गेले होते. त्यानंतर रोज दोन. रविवारीसुद्धा. मी खूप विचार केला आणि मला उलगडा झाला: तो दुसरा म्हणजे सर स्वतः. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार की मी आशा सोडली आहे, म्हणून मला बरं वाटावं यासाठी ते कुठल्यातरी सायबर कॅफेत जात असणार. एका माणसासाठी दुसऱ्या माणसाने, आणि त्या दुसऱ्यासाठी पहिल्याने अशी लबाडी करावी, यात मला फार समाधान होतं. ते कोपऱ्यात आकडा लिहीत, आणि मी तो वाचून आत जाई.

एप्रिलमध्ये परीक्षा चालू होत्या. सर सकाळच्या पाळीचं पर्यवेक्षण करून घरी गेले, मोपेड स्टँडवर लावली, आणि पायरीवर बसले ते उठले नाहीत. दुपारी शिपाई लायब्ररीच्या दारात येऊन उभा राहिला, नुसतं "गेले" म्हणाला, आणि मी त्याला दोनदा म्हणाले, "नीट सांग. कोण?" आजवर त्यांनी मला जितके धक्के दिले त्या प्रत्येकावर मी नंतर हसले होते. त्या दिवशी सायबर कॅफेत मी गेले नाही, नंतरही गेले नाही. तेरा दिवस लायब्ररीतला कॉम्प्युटर झाकून ठेवला होता. फळ्याच्या कोपऱ्यातला शेवटचा आकडा, सातशे सव्वीस, तसाच होता. पुसायला कोणाचा हात झाला नाही.

चौदाव्या दिवशी निकालाची तारीख चढवायची होती म्हणून मी वेबसाईट उघडली. खालचा आकडा वाचला. उठून फाटकापर्यंत गेले, फळ्यावरचा वाचला, परत आले. सातशे चाळीस. माझा एक वजा केला तरी तेरा. तेरा दिवस, तेरा पाहुणे. तो दुसरा पाहुणा सर नव्हते. कोणीतरी खरोखर रोज येत होतं, आणि सरांना ते खरं वाटत होतं तेव्हा ते खरंच होतं. खोटी मी एकटीच होते. सर गेल्याची सूचना लिहायला मी कागद घेतला, पण ते मला जमलं नाही. मी फक्त निकालाची तारीख लिहिली, माझ्याच हाताने, आणि स्कॅन करून चढवली.

तिसऱ्या दिवशी लायब्ररीच्या दारात एक बाई उभी होती. तिशीच्या आतली, हातात कापडी पिशवी, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. "बाई, मला ओळखलं नाही तुम्ही," ती म्हणाली. "सर आजारी आहेत का?" मी विचारलं, असं का वाटलं. "पंधरा दिवस नवीन काही आलं नाही. परवा आलं ते अक्षर सरांचं नव्हतं." मी काही बोलण्याआधीच तिला कळलं. ती बाकावर बसली. मग पदराने तोंड पुसून हळूहळू सांगत गेली. ती म्हणजे सरांची ती मखमलाबादची मुलगी. लग्न होऊन नामपूरला गेली होती. नवरा कांदा मार्केटात तोलाईच्या कामाला. मार्केटजवळ एका एसटीडीवाल्याने कॉम्प्युटर ठेवला होता. "दिवाळीला आई मेथी घेऊन आली. जुडीत चिठ्ठी निघाली. मी अक्षर ओळखलं. त्या पोराला म्हटलं, हे उघडून दे. तर समोर सगळं सरांच्या हातचं. तेव्हापासून रोज जाते." मी विचारलं, एकदा तरी अभिप्राय का लिहिला नाहीस, सर वाट बघत होते. ती म्हणाली, "तिथं 'पालकांसाठी' लिहिलंय ना. मी कुठं पालक? मी नुसती वरची लाल ओळ बघायची, तारीख आली का म्हणून. ही दोन वर्षांनी पाचवीत जाईल. आईकडं ठेवून इथंच घालणार आहे." जाताना फाटकापाशी तिची मुलगी फळ्यासमोर उभी राहिली आणि कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट करून अहिराणीत म्हणाली, "माय, हाई काय शे?" तिच्या आईने त्यातल्या पहिल्या अंकावरून, न टेकवता, बोट फिरवलं. "सरांचा सात," ती म्हणाली.

जूनच्या सभेत वेबसाईट बंद करण्याचा विषय निघाला तेव्हा मी उभी राहिले. एकोणीस वर्षांत सभेत मी आपणहून पहिल्यांदाच बोलत होते, आणि त्याचा धक्का सगळ्यांपेक्षा मलाच जास्त बसला. मी सांगितलं की नामपूरहून एक बाई रोज बघतात. अध्यक्षांनी विचारलं, "आपल्या पालक आहेत का?" मी म्हटलं, "दोन वर्षांनी होतील." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग दोन वर्षं राहू द्या," ते म्हणाले.

आता सूचना मीच लिहिते. सायबर कॅफेत जाणं बंद केलं आहे, आपण घरचे. जुलै महिन्यात ग्रेड परीक्षेच्या फॉर्मची तारीख आली, ती मी लाल शाईने लिहून सगळ्यांत वर लावली. आठवड्याने शाळेत माझ्या नावाचं एक पोस्टकार्ड आलं. पत्त्यावरचं अक्षर पाहिलं आणि मी टेबलाची कड धरली. तेच वळण, तीच गोलाई, नावाखाली तशीच बारीक पानांची वेल. मग कार्ड उलटलं. मागे नामपूरचं नाव होतं, आणि दोनच ओळी: 'बाई, तारीख मिळाली. बाकी सगळं छान आहे, पण तुमचा 'ळ' जरा उपाशी दिसतो.'